पाय चालेना! बिनस्क्रीनच्या छोट्या कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये शिरायचं कसं

रविवारी सकाळी पुण्यात चहा घेता घेता लॅपटॉप उघडला, गावाकडच्या ‘पाय’ नावाच्या छोट्या कॉम्प्युटरला एसएसएच मारलं, म्हणजे नेटवरून त्याच्या आत शिरायला गेलो, आणि अर्धा कप चहा संपला तरी कर्सर नुसता लुकलुकत बसलेला, मग एक ओळ आली, ‘कनेक्शन टाइम्ड आऊट’. परत मारलं, परत तेच.

तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. बागेतल्या शेडमध्ये मी एक रास्पबेरी पाय लावून ठेवलाय, मॉडेल ३ बी प्लस, दर दहा मिनिटांनी तापमान आणि हवेतला ओलावा मोजायचा आणि बाजूला खोचलेल्या पेनड्राइव्हवर लिहून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. दर रविवारी मी ते आकडे पुण्यात उतरवून घेतो. ऑक्टोबर छाटणी झालेली, कोवळी फूट निघतीय, मधूनच ढगाळ हवा, अशा वेळी डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची) धास्ती असते म्हणून आण्णांना आकडे लागतात, आणि नेमका तेव्हाच हा गप्प. (पाय या नावावरचे सगळे विनोद आमच्या घरात होऊन गेलेत, ‘पाय मुरगळला काय रं’ वगैरे, त्यामुळे तुम्ही नवीन काही सुचवू नका.)

त्या आठवड्यात जे केलं आणि आधीच्या काही वर्षांत जे जे चुकलंय ते इथं लिहून काढतोय. उदाहरण रास्पबेरी पायचं आहे, पण ऑरेंज पाय असो, बीगलबोन असो नाहीतर ओपनडब्ल्यूआरटी नावाचं लिनक्स टाकलेला जुना राउटर असो, सगळ्यांचं दुखणं साधारण एकच, की डब्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, आत जायची वाट एकच आणि ती बंद पडली की माणूस बाहेर उभा.

आधी शब्द क्लिअर करू, कारण यातच लोक गोंधळतात. शेल म्हणजे पायच्या आत चालणारा तो प्रोग्राम जो तुमची कमांड वाचतो आणि काम करून घेतो. टर्मिनल म्हणजे तुमच्या समोरची काळी खिडकी, तिचं काम फक्त अक्षरं पाठवणं आणि दाखवणं. पूर्वी या खिडकीच्या जागी खरोखरचं टेलिटाइप मशीन असायचं, म्हणून लिनक्समध्ये अजूनही सगळीकडे ‘टीटीवाय’ लिहिलेलं दिसतं. आणि या दोघांच्या मधली नळी म्हणजे एसएसएच. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत कुणीतरी नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरून ऐकले, तेव्हा तातू युलोनेन नावाच्या तिथल्याच संशोधकाने हे बनवलं, कारण त्याआधीचं टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवायचं. पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर घातलेलं दार. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा होता, तो त्याने मागून घेतला आणि आजही एसएसएच तिथेच बसलंय.

आता मुद्दा. ‘चालत नाहीये’ हा एक प्रॉब्लेम नाहीये, ते पाच-सहा वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, आणि तुम्ही कुठवर पोचलात हे ती एरर स्वतःच सांगत असते, फक्त आपण ती वाचत नाही, लाल अक्षरं दिसली की थेट मेमरी कार्ड फॉरमॅट करायला घेतो, ज्याच्यावर पायची सगळी सिस्टीम असते. मीपण घेतलंय, दोनदा.

असं समजा की तुम्ही कुणाच्या तरी घरी गेलाय. पत्ता विचारला तर गल्लीतलं कुणीच ‘असं नाव ऐकलं नाही’ म्हणतं, ही झाली ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’, म्हणजे नावावरून पत्ताच सापडला नाही. पत्ता आहे पण दार वाजवत बसलात आणि आतून हूं की चूं नाही, हे ‘टाइम्ड आऊट’. घरच्याच नेटवर्कवर असाल आणि लिनक्सवरून मारत असाल तर बऱ्याचदा याच जागी ‘नो रूट टू होस्ट’ येतं, त्याचा अर्थ एवढाच की या पत्त्यावर कोण आहे असं तुमच्या मशीनने हाका मारून विचारलं आणि कुणीच ओ दिली नाही. मग येतं ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, आणि ही एरर बघून लोक का घाबरतात मला कळत नाही, ही तर चांगली बातमी आहे, म्हणजे तुम्ही दार वाजवलं आणि आतूनच कुणीतरी ओरडून सांगितलं की घरात कुणी नाहीये! अहो मग ओरडलं कोण? पाय चालू आहे, नेटवर्क चालू आहे, पत्ता बरोबर आहे, फक्त २२ नंबरच्या दाराशी एसएसएचवाला बसलेला नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे दार उघडलं, तुम्हाला बघितलं आणि ओळख पटली नाही म्हणून परत लावून घेतलं. आणि ती भली मोठी चौकट, ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’, तिथे उलटं होतं, दार उघडणाऱ्या माणसाची ओळख तुम्हाला पटत नाहीये.

एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, कारण रिफ्यूज्ड आल्यावर वायफायचा पासवर्ड तपासत बसायचं नाही, आणि टाइम्ड आऊट आल्यावर युजरचं नाव बदलून बघण्यात अर्थ नाही.

माझं प्रकरण टाइम्ड आऊटचं. गावातलं नेट सिमकार्डच्या डोंगलवर आहे आणि मोबाइलवाल्यांच्या नेटवर बाहेरून थेट घरच्या पत्त्यावर येता येत नाही, एका पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवलेली असतात, म्हणून मी मध्ये टेलस्केल वापरतो, ते आपली सगळी यंत्रं नेटवरून एका खासगी नेटवर्कमध्ये जोडतं. अशा वेळी पुण्यात बसून ‘टाइम्ड आऊट’ दिसतं तेव्हा पाय मेलाय की डोंगल मेलाय हे कळायचा मार्गच नसतो. म्हणून पहिला फोन आण्णांना.

‘आण्णा, शेडमध्ये जाऊन तुमच्या मोबाइलवर व्हॉट्सॲप चालतंय का बघा, डोंगलच्या वायफायवर.’

‘चालतंय की. मगाशीच गुड मॉर्निंग आलंय तात्याचं.’

‘बरं, आता त्या डबीवर दिवे किती दिसतात?’

‘लाल हाय एक. हिरवा न्हाई.’

‘लाल एकसारखा आहे का मध्येच जातोय?’

‘एकसारखा हाय.’

हे दोन दिवे म्हणजे डॉक्टरला जीभ दाखवण्यासारखं आहे. लाल म्हणजे वीज. ३ बी प्लसमध्ये व्होल्टेज ४.६३ च्या खाली घसरलं की लाल दिवा विझतो, त्यामुळे तो मधूनच लुकलुकत असेल तर चार्जर किंवा केबल हलकी आहे असं समजा. याला ५.१ व्होल्ट आणि २.५ ॲम्पिअरचा अडॅप्टर लागतो, आणि खरा चोर बहुतेक वेळा चार्जर नसून ती दोन मीटरची बारीक केबल असते जिच्यातून मोबाइल रात्रभरात चार्ज होतो पण पाय उभा राहत नाही. आत शिरता येत असेल तर ‘व्हीसीजेनसीएमडी’ या कमांडला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारून बघा, उत्तर शून्य आलं तर वीज ठीक, ५०००५ सारखा आकडा आला तर या क्षणीही व्होल्टेज कमी पडतंय आणि आधीही पडलेलं आहे.

हिरवा दिवा म्हणजे कार्डावरची लिहा-वाची. वीज दिल्यावर तो वेडावाकडा लुकलुकला पाहिजे. अजिबात लागलाच नाही तर कार्ड वाचलंच जात नाहीये, काढून परत बसवा, दुसरं कार्ड लावून बघा. ठरावीक ठेक्यात लुकलुकत असेल तर मोजा, चार वेळा म्हणजे सुरुवातीची फाइलच सापडत नाही, सात वेळा म्हणजे कर्नल (सिस्टीमचा गाभा) सापडत नाही, दोन्हीचा अर्थ कार्डावरचा माल खराब. (झीरोवर लाल दिवाच नसतो, एकच हिरवा असतो, तिथे हे लाल-हिरव्याचं गणित लावू नका.)

आण्णांना वीज काढून परत लावायला सांगितली. हिरवा पंधरा-वीस सेकंद लुकलुकला आणि मग शांत झाला. म्हणजे कार्ड वाचलं जातंय, कर्नल चालू होतोय, पुढे कुठेतरी घोडं पेंड खातंय. डोंगलच्या पेजवर कुठली उपकरणं जोडलीत ती यादी आण्णांकडून वाचून घेतली, ३ बी प्लसचा मॅक पत्ता (नेटवर्क चिपचा स्वतःचा नंबर) बी८-२७-ईबी ने सुरू होतो, तसलं काहीच नव्हतं. पाय वायफायला जोडलाच जात नव्हता, आणि आता गावाला जाण्याशिवाय इलाज नव्हता, आणि जाणं शनिवारशिवाय जमणार नव्हतं.

शनिवार येईपर्यंत बाकीच्या एररींचं बोलून घेऊ, कारण तुमचं दुखणं कदाचित त्यातलं असेल.

नावावरून पत्ता सापडत नसेल, म्हणजे ‘रास्पबेरीपाय डॉट लोकल’ असं टाकल्यावर, तर ते ‘डॉट लोकल’ कुठल्या सर्व्हरवर नसतं, तुमचं मशीन नेटवर्कवर सगळ्यांना एकदम ओरडून विचारतं की या नावाचा कोण आहे, आणि पाय स्वतः उत्तर देतो. गेस्ट वायफायवर असाल किंवा राउटरने जोडलेली उपकरणं एकमेकांपासून तोडून ठेवली असतील तर ही हाक पोचतच नाही. मग राउटरच्या यादीतून आकड्यांचा पत्ता घ्यायचा आणि तोच टाकायचा, विषय संपला. अर्थात राउटरने उपकरणं तोडली असतील तर आकड्यांनीही जमणार नाही, तिथे ते सेटिंगच काढावं लागतं.

नवीन कार्ड, पहिल्यांदाच चालू करताय आणि वायफायवर येतच नाही, यातले तीन नेहमीचे गुन्हेगार. एक, घरात नुसतं ५ गिगाहर्ट्झचं नाव दिलंय आणि तुमच्याकडे पाय ३ बी किंवा झीरो डब्ल्यू आहे, त्यांना २.४ शिवाय ऐकूच येत नाही. दोन, देश सांगितलेला नाही, देश ठरवल्याशिवाय ३ बी प्लस आणि पुढचे पाय वायफाय चालूच करत नाहीत, तिथे ‘आयएन’ टाकावं लागतं. आणि तीन, तुम्ही जुना व्हिडिओ बघून वायफायचं नाव-पासवर्ड लिहिलेली डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाइल कार्डाच्या बूट भागात टाकली, जे ऑक्टोबर २०२३ मध्ये पायच्या ओएसची बुकवर्म आवृत्ती आल्यापासून चालत नाही, आता ते काम नेटवर्कमॅनेजर करतं. आणि हो, पहिल्या वेळी पाय पूर्ण कार्डभर पसरतो, स्वतःहून रीस्टार्ट होतो, पाच मिनिटं दम धरा, माझ्या एका मित्राने याच पाच मिनिटांत वैतागून वीज काढली.

त्याचं काय झालं, तर रिफ्यूज्ड. पहिल्या बूटला एसएसएच स्वतःसाठी किल्ल्या बनवतं, त्या लिहिल्या जात असताना वीज गेली, फाइली शून्य साइझच्या राहिल्या, आणि किल्ली नाही म्हणून एसएसएच सुरूच होईना. स्क्रीन लावून ‘एसएसएच-कीजेन डॅश कॅपिटल ए’ सुडोने (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) चालवलं, शून्यवाल्या फाइली आधी उडवून, मग झालं. पण रिफ्यूज्डचं सगळ्यात साधं कारण म्हणजे एसएसएच बंदच आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेने) कंपनीचेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि राउटर लाखोंनी गिळले आणि त्या ऑक्टोबरमध्ये साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर, नेटफ्लिक्ससकट बऱ्याच साइट काही तास आडव्या झाल्या, त्या सगळ्या वातावरणात नोव्हेंबर २०१६ पासून पायच्या ओएसमध्ये एसएसएच आपोआप चालू येणं बंद झालं. चालू करायला कार्डाच्या बूट भागात ‘एसएसएच’ नावाची रिकामी फाइल टाकायची, आत काही लिहायचं नाही.

आणि परमिशन डिनाइडचं सर्वात कॉमन कारण पण असंच इतिहासातून आलेलं आहे. वर्षानुवर्षं युजर ‘पाय’ आणि पासवर्ड ‘रास्पबेरी’ हे सगळ्या जगाला पाठ होतं, एप्रिल २०२२ मध्ये ते काढून टाकलं, आता युजर तुम्हीच बनवायचा, इमेजर नावाच्या प्रोग्राममध्ये कार्ड लिहितानाच नाव, पासवर्ड, वायफाय, एसएसएच सगळं भरता येतं. तरी लोक जुने लेख वाचून ‘रास्पबेरी’ टाकत बसतात आणि कीबोर्ड खराब आहे म्हणतात. बरं, पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपके पण नाहीत, ते तसंच असतं, टाइप करा आणि एंटर मारा.

पासवर्डऐवजी किल्ली, म्हणजे लॅपटॉपवर ठेवलेली गुप्त फाइल, वापरत असाल आणि तरीही तो पासवर्ड मागत असेल तर पायवरच्या ‘डॉट एसएसएच’ फोल्डरच्या परमिशन बघा, फोल्डरला ७००, आतल्या ‘ऑथराइज्ड कीज’ला ६००, म्हणजे फक्त मालकालाच मुभा, आणि तुमच्या होम फोल्डरवर दुसऱ्या कुणाला लिहायची परवानगी नको. ढिलं ठेवलं तर एसएसएच काही न बोलता किल्ली नाकारतं, ही त्याची सवय मला अजिबात आवडत नाही, पण कारण समजू शकतो. तुमच्या बाजूने ‘डॅश व्ही’ लावून एसएसएच चालवलं की तो काय काय करून बघतोय ते सगळं बडबडतो. आणि खूप जुना राउटर असेल तर ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप’ दिसेल, त्याला फक्त जुन्या पद्धतीची आरएसए सही येते आणि सप्टेंबर २०२१ मधल्या ओपनएसएसएच ८.८ पासून ती आपल्या बाजूने बंद केलेली आहे, तेवढ्या एका पत्त्यापुरती ती चालू करता येते, सगळ्यांसाठी करू नका.

ओळख बदलल्याची चौकट दिसली तर आधी स्वतःला विचारायचं, मी कार्ड नव्याने लिहिलंय का? हो असेल तर ‘एसएसएच-कीजेन डॅश कॅपिटल आर’ आणि पुढे तो पत्ता, जुनी ओळख पुसली जाते, संपलं. नाही असेल तर थांबा, बहुतेक वेळा राउटरने तोच पत्ता दुसऱ्या कुठल्या मशीनला दिलेला असतो, पण खात्री केल्याशिवाय पासवर्ड टाकू नका.

आता शनिवार.

शुक्रवारी संध्याकाळी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या बाजूला, जाऊन एक यूएसबी ते सीरियल अडॅप्टर आणला, सीएच३४० चिपवाला, शे-दीडशे रुपयांच्या आसपासची वस्तू. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड. माझं मत विचाराल तर दुसरा पाय घ्यायच्या आधी हा घ्या, कारण एसएसएच हे पुढचं दार आहे आणि ते उघडायला आत बरंच काही धड चालू असावं लागतं, वायफाय पाहिजे, पत्ता पाहिजे, एसएसएच स्वतः पाहिजे. सीरियल कन्सोल हे परसदार. त्याला नेटवर्क लागत नाही, कर्नल जागा झाल्या क्षणापासून तो जे बोलतो ते तीन तारांवरून बाहेर येतं.

तीन तारा. पिनांच्या दोन रांगांपैकी बोर्डाच्या कडेची रांग घ्या, कार्डाच्या बाजूच्या कोपऱ्यापासून पहिल्या दोन ५ व्होल्टच्या, तिसरी ग्राउंड, चौथी पाय बोलतो ती, पाचवी पाय ऐकतो ती. पाय बोलतो ती तार अडॅप्टरच्या ऐकायच्या पिनला, आणि उलट. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. पिनांवर बोलायच्या जागी टीएक्स आणि ऐकायच्या जागी आरएक्स लिहिलेलं असतं, टीएक्स टीएक्सला जोडलं तर दोघं एकमेकांच्या तोंडात बोलतात. अडॅप्टरची विजेची लाल तार लावायचीच नाही, पायला त्याची स्वतःची वीज आहे. आणि अडॅप्टरवर ३.३ आणि ५ असा जंपर असेल तर ३.३ वर ठेवा, पायच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत, तिथे चूक झाली तर हा लेख उपयोगाचा नाही.

कार्डाच्या बूट भागातल्या ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ मध्ये ‘एनेबल अंडरस्कोर यूएआरटी’ बरोबर १ अशी ओळ टाकावी लागते. ३ पासून पुढे चांगला सीरियल पोर्ट ब्लूटूथला दिलाय आणि पिनांवर छोटा मिनी यूएआरटी आलाय, त्याचा वेग प्रोसेसरच्या कोअर क्लॉकवर नाचतो, ही ओळ टाकली की तो क्लॉक एका जागी बांधला जातो. नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. (पाय ५ वर यासाठी दोन एचडीएमआयच्या मधोमध वेगळा तीन पिनांचा छोटा सॉकेट दिलाय.)

लॅपटॉपवर पुटी नावाचं टर्मिनल उघडायचं, सीरियल निवडायचं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतो तो कॉम नंबर, आणि स्पीड १,१५,२००. पुटीत आधीच ९६०० लिहिलेलं असतं, ते तसंच ठेवून मी एकदा तासभर कचरा वाचत बसलोय. फ्लो कंट्रोल ‘नन’. लिनक्सवर मिनीकॉम वापरत असाल तर त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधीपासून चालू असतं, त्यामुळे पायचं सगळं दिसतं पण तुमचं एक अक्षर जात नाही, आणि माणूस तारा उलटसुलट करत बसतो. रॉकचिप प्रोसेसरवाले बोर्ड असतील तर तिथे वेग पंधरा लाख असतो, सगळे अडॅप्टर तो पेलत नाहीत. आणि जोडल्यावर काळंच दिसत असेल तर आधी एंटर मारा, लॉगिन कधीच छापून झालेलं असतं, तुम्ही उशिरा आलाय.

अडॅप्टरवरच संशय असेल तर पाय बाजूला ठेवून त्याच्या टीएक्स-आरएक्स पिना एका तारेने एकमेकींना जोडा आणि टाइप करा. तुमचीच अक्षरं परत दिसली तर अडॅप्टर ठणठणीत. दहा सेकंदांचं काम आहे.

तर शेडमध्ये बाजेवर लॅपटॉप, तारा जोडल्या, वीज दिली. ओळी भराभर पळायला लागल्या, कर्नल, मेमरी, यूएसबी, कार्ड, आणि मग एकदम शांतता. ना लॉगिन ना एरर. एंटर मारला, काही नाही.

इथे मी अडकलो असतो, पण आठवलं. बूट भागात ‘कमांडलाइन’ची फाइल असते, सगळी एकाच ओळीत, तिच्यात ‘कन्सोल’ दोनदा लिहिलेलं असतं, आधी सीरियल, मग टीटीवाय१ म्हणजे एचडीएमआयचा स्क्रीन. कर्नल दोन्हीकडे बोलतो, पण त्यानंतर बाकीची सगळी सिस्टीम सुरू करणारं जे सिस्टमडी येतं ते फक्त शेवटी लिहिलेल्या कन्सोलवर बोलतं. म्हणजे एरर छापली जात होती, फक्त नसलेल्या स्क्रीनवर! कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, विंडोजने लगेच विचारलं की डिस्क फॉरमॅट करायची का, इथे शंभर वेळा नाही म्हणा, विंडोजला कार्डाचा दुसरा भाग वाचता येत नाही म्हणून तो तसं विचारतो. पहिला छोटा भाग उघडला, दोन्ही कन्सोलची अदलाबदल केली, ओळ न तोडता, आणि कार्ड परत लावलं.

आता शांततेच्या जागी एक ओळ हळूहळू सेकंद मोजत होती, अमुक डिस्कची वाट बघतोय, मर्यादा दीड मिनिट. दीड मिनिट झालं. मग ‘डिपेंडन्सी फेल्ड’, मग ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’, आणि त्याखाली ते सरकारी उत्तर, की कन्सोल देता येत नाही कारण रूट (सगळे अधिकार असलेलं) अकाउंट लॉक आहे, पुढे जायला एंटर दाबा. एंटर दाबला की परत तेच.

डिस्क म्हटल्यावर ट्यूब पेटली. पेनड्राइव्ह जागेवर होता. मागे वळून भाच्याला विचारलं, ‘काय रे, हा काढला होतास का?’

‘एकदाच. ट्रॅक्टरवर गाणी लावायला. पण लगेच ठेवला परत!’

‘फॉरमॅट केलास?’

‘गाणी बसत नव्हती ना मामा.’

पेनड्राइव्हला पाय नावाने ओळखत नाही, यूयूआयडी नावाच्या लांबलचक नंबराने ओळखतो, आणि फॉरमॅट केला की तो नंबर बदलतो. कुठला पेनड्राइव्ह कुठे जोडायचा हे ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये मी त्या नंबराने लिहिलेलं होतं, आणि शेजारी ‘नोफेल’ लिहिलं नव्हतं. नोफेल नसेल तर सिस्टमडी असं धरतं की ही डिस्क नसेल तर पुढे जाण्यात अर्थच नाही, म्हणून नेटवर्क चालू व्हायच्या आधीच थांबतं. चालू असताना काही बिघडलं नाही. आदल्या शनिवारी रात्री लाइट गेली, परत आली, पाय नव्याने सुरू झाला आणि तिथेच अडून बसला. चूक भाच्याची निम्मी, माझी निम्मी, खरं तर माझीच जास्त.

लिनक्सचा लॅपटॉप असता तर कार्ड लावून फाइल सरळ एडिट केली असती. माझा विंडोजचा, म्हणून दुसरा रस्ता. त्याच कमांडलाइनच्या ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन ‘इनिट’ बरोबर, स्लॅश बिन स्लॅश एसएच. याने कर्नल सिस्टमडीला बोलावतच नाही, थेट एक उघडं शेल देतो, पासवर्डशिवाय, रूट म्हणून. (हो, ज्याच्या हातात कार्ड आहे त्याच्या हातात सगळंच आहे, हे यावरून कळतं.) पुटीत पाउंडचं चिन्ह (#) आलं. डिस्क तेव्हा नुसती वाचण्यापुरती असते, म्हणून ‘माउंट’ ला ‘रीमाउंट, आरडब्ल्यू’ सांगून लिहायला खुली केली, नॅनो एडिटरने एफएसटॅब उघडली, नवीन यूयूआयडी, पुढे नोफेल, सेव्ह. मग ‘सिंक’, हे विसरू नका, नाहीतर लिहिलेलं हवेतच राहतं. वीज काढली, परत लावली.

परत पाउंड.

ती इनिटची ओळ काढायची राहिली होती. कार्ड काढा, लॅपटॉपला लावा, फॉरमॅट नको म्हणा, ओळ पुसा, परत लावा. आण्णा तोवर दोनदा जेवायला बोलावून गेले होते.

या वेळी ओळी थांबल्या नाहीत, सगळ्या हिरव्या ‘ओके’ पळत गेल्या आणि खाली लॉगिन आलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एसएसएच मारून बघितलं, टेलस्केलमधून, आत गेलो. पेनड्राइव्हवर चाळीस-एक गाणी होती आणि तापमानाची एकही फाइल नव्हती, म्हणजे बंद पडल्यानंतरचा आठवडा तर नव्हताच, त्याच्या आधीचाही गेला, कारण तो रविवारी उतरवून घ्यायचा राहिला होता.

आण्णांनी मात्र शेडमधल्या साध्या थर्मामीटरवरून रोज दोन वेळचे आकडे कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलने लिहून ठेवले होते, दोन्ही आठवड्यांचे. ते मी जेवण झाल्यावर बसून टाइप केले.